निवड त्यांची, संघ आपला

माझा मामेभाऊ अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराजवळ राहतो. एप्रिलच्या अखेरीस तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघांची वार्षिक खेळाडू-निवड, म्हणजे ड्राफ्ट, उरकला की त्याचा फोन येतो. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं: ‘‘अगं, आपण यंदाही माती खाल्ली.’’ हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा नव्हे. शिरस्त्राण घालून, लांबट चेंडू काखेत धरून, समोरच्याच्या अंगावर धावून जात खेळायचा हा प्रकार. मी त्याचा एकही सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही. तरी दादाच्या त्या ‘आपण’मध्ये मी असते.

अनुवादकाला अशा सर्वनामांपाशी थांबावंच लागतं. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. गुजरातीत अमे आणि आपणे, तमिळमध्ये नांगळ आणि नाम. प्रमाण हिंदीला आणि बंगालीला ही सोय नाही, इंग्रजीलाही नाही. अमेरिकन क्रीडालेखनाचा अनुवाद करताना चाहत्याचा ‘वी’ पानोपानी भेटतो: आम्ही अमक्याला निवडलं, आम्ही तमक्याला हातचा घालवला. प्रत्यक्षात निवडलं मालकाने आणि त्याच्या पगारी माणसांनी. चाहता त्या वेळी घरी दूरचित्रवाणीसमोर बसला होता. मग हा ‘आम्ही’ कुठून आला? आणि ‘आम्ही’ने चूक केली असेल, तर हिशेब कोणाकडे मागायचा?

आधी व्यवस्था सांगायला हवी. लीगमध्ये ३२ संघ आहेत. कॉलेजांतून खेळून बाहेर पडणारी मुलं वर्षातून एकदा, तीन दिवसांत, सात फेऱ्यांमध्ये वाटून घेतली जातात. गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला पहिली निवड, जो जिंकला त्याला फेरीच्या शेवटी. संघाने नाव पुकारलं की तो मुलगा त्या संघाचा, इतर कोणाशी त्याने बोलणी करायची नाहीत. आयपीएलचा लिलाव आठवेल, पण लिलावात निदान दोन घरं भांडली तर भाव खेळाडूचा वाढतो. इथे भांडणच नाही. थाट मात्र स्वयंवराचा: मंच, दिवे, डोळे पुसणारी आई. फक्त वरमाला दुसऱ्याच कोणाच्या हातात. मुलगा मिळालेल्या संघाची टोपी डोक्यावर चढवतो आणि हसतो.

ही कल्पना बर्ट बेलची. तो फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मालक. त्याचा संघ सारखा हरत होता, आणि चांगली मुलं श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जात होती. १९३५ मध्ये त्याने मांडलेला प्रस्ताव इतर मालकांनी मान्य केला. दुर्बलाला पहिला घास, हे तत्त्व म्हणून कोणालाही पटण्यासारखं आहे. शिवाय खेळाडूला एकच गिऱ्हाईक उरलं की मजुरी आटोक्यात राहते, हेही मालकांना कळत असणारच. समता आणि काटकसर एकाच कागदावर इतक्या गुण्यागोविंदाने क्वचितच नांदतात. १९३६ च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिलं नाव निघालं शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचं. ईगल्सना त्याची मागणी परवडेना. त्यांनी आपला हक्क शिकागो बेअर्सना दिला, तिथेही जमलं नाही, आणि बर्वँगर या लीगमध्ये एकही सामना न खेळता नोकरीधंद्याला लागला. पहिल्याच निवडलेल्या माणसाने ‘नको’ म्हटलं, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे ‘नको’ म्हणणारे मोजकेच निघाले. १९८३ मध्ये जॉन एल्वेने बाल्टिमोरला नकार दिला, २००४ मध्ये इलाय मॅनिंगने सॅन दिएगोला. दोघांच्या मागे बाजारातलं वजन होतं म्हणून ते निभावलं. एका जायबंदी खेळाडूने दाखल केलेल्या दाव्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने १९७८ मध्ये जुन्या पद्धतीचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी, म्हणून बेकायदा ठरवला. पण खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी केलेल्या करारात ड्राफ्ट मान्य केला असल्यामुळे तो आता कायदेशीर धरला जातो. त्या करारावर सह्या असतात आधीच आत आलेल्यांच्या. ज्याचं वाटप व्हायचं आहे तो मुलगा त्या वेळी शाळा-कॉलेजात असतो.

आता क्लीव्हलंड. दादा १९९४ मध्ये तिथे शिकायला गेला. कोणीतरी त्याला ‘ब्राउन्स’च्या सामन्याला नेलं, आणि पुण्याहून गेलेला, थंडीने काकडलेला हा मुलगा त्या आरडाओरड्यात पहिल्यांदा त्या गावचा झाला. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी मालक आर्ट मॉडेल यांनी संघ उचलून बाल्टिमोरला नेत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडच्या मतदारांनी मैदानाच्या दुरुस्तीसाठी दारू आणि सिगारेटवरचा कर चालू ठेवण्याच्या बाजूने भरघोस मतदान केलं. संघ निघालाय हे कळल्यावर केलेलं हे मतदान. डिसेंबरमध्ये घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला तेव्हा लोकांनी खुर्च्या उपटून काढल्या.

शहर कोर्टात गेलं आणि एक चमत्कारिक तडजोड झाली. खेळाडू, करार सगळं बाल्टिमोरला गेलं. नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलंडला राहिला. तीन वर्षं क्लीव्हलंडकडे संघ नव्हता, फक्त संघाचं नाव होतं. बाल्टिमोरला गेलेला संघ ‘रेव्हन्स’ झाला, आणि १९९६ च्या आपल्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्याने जोनाथन ऑग्डेन आणि रे लुईस हे दोन असे खेळाडू उचलले की दोघंही पुढे या खेळाच्या कीर्तिदालनात गेले. जी निवड ‘आपली’ असायची ती दुसऱ्याच्या दारात फळली. दादा अजून ही दोन नावं घेतो तेव्हा आवाज जरा खाली येतो, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेताना येतो तसा.

१९९९ मध्ये नवा संघ जुन्या नावाने परत आला आणि ड्राफ्टमधली पहिली निवड त्याला मिळाली. १७ एप्रिल १९९९ हा दिवस या विषयाचा विचार करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. क्लीव्हलंडने पहिलं नाव घेतलं टिम काउचचं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन डाव चालवणारा खेळाडू. संघाची पुनर्स्थापना, पहिला मुलगा, गावात दिवाळी. लगेच पुढची निवड फिलाडेल्फियाची. त्यांनी नाव घेतलं डोनोव्हन मॅकनॅबचं, आणि न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात फिलाडेल्फियाहून मुद्दाम आलेल्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्यांना रिकी विल्यम्स हवा होता, त्यांच्या महापौरांनीही विल्यम्सच्याच बाजूने जाहीर कौल दिला होता. मॅकनॅब बावीस वर्षांचा होता. आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, नवी टोपी हातात घेऊन, त्याने आपल्याच माणसांची हुर्यो ऐकली.

मॅकनॅब फिलाडेल्फियात अकरा हंगाम खेळला आणि संघाला पाच वेळा उपांत्य सामन्यापर्यंत आणि एकदा अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. काउचची कारकीर्द पाच हंगामांत संपली. एकाच दिवशी, एका पाठोपाठ एक, टाळ्या चुकीच्या आणि हुर्योही चुकीची.

यावर सोपा निष्कर्ष असा की चाहत्याला काही कळत नाही. पण तज्ज्ञांना तरी कुठे कळतं? अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी या ड्राफ्टचा अभ्यास केला आहे. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी पुढे निवडलेल्यापेक्षा सरस निघेल याची शक्यता नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम थोडी जास्त, असं त्यांना आढळलं. टॉम ब्रेडीचं नाव २००० मध्ये १९९वं निघालं होतं, हे तर आता पोरंही सांगतात. तेव्हा ‘त्याच्याऐवजी ह्याला घ्यायला हवं होतं’ या तक्रारीचं आयुष्य तक्रार करणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं.

तरी ती पूर्ण पोकळ म्हणवत नाही. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक नशीब हा विषय चर्चेला आणला. विल्यम्स यांनी गोगँचं उदाहरण घेतलं: संसार टाकून चित्रं काढायला दूर बेटावर गेलेला चित्रकार. त्याची निवड योग्य होती की नाही, हे निवडीच्या क्षणी ठरतच नाही, चित्रं कशी निघाली यावर ठरतं. आपल्याला हे रुचत नाही. निर्णयाची किंमत निर्णयाच्या वेळच्या शहाणपणावरून व्हावी असं वाटतं. पण व्यवहारात आपण सगळे निकाल पाहूनच न्याय करतो, मग मुलाच्या शाखेचा प्रश्न असो की मुलीच्या सासरचा.

पण काउचच्या बाबतीत ‘निवड चुकली’ हे वाक्य मुळातच अपुरं आहे. नव्याने उभा केलेला संघ, पुढे आडोसा धरणारे खेळाडू कच्चे. पहिल्याच हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याला चेंडू हातात असताना पन्नासहून अधिक वेळा आडवं पाडलं. बेलच्या योजनेतली मेख इथे आहे. सर्वांत गुणी मुलगा सर्वांत मोडक्या घरात जातो, आणि मग घर मोडकं आहे याचं खापर त्याच्यावर फुटतं. निवड ही एका संध्याकाळी पूर्ण होणारी कृती नाही. तिचा मोठा भाग पुढच्या तीन-चार वर्षांत, कोणी कॅमेरा लावलेला नसताना घडतो. २०१८ मध्ये पुन्हा पहिली निवड मिळालेला बेकर मेफील्ड घ्या. चार हंगामांत त्याने हंगामी धरून चार मुख्य प्रशिक्षक पाहिले. तरी त्याने जानेवारी २०२१ मध्ये संघाला तब्बल २६ वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकून दिला. मग त्याला काढलं. तो टॅम्पा बेला जाऊन उत्तम खेळला. बीज तेच, जमीन बदलली. म्हणून चाहता ‘चुकीचा निवडला’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला ‘निवडला आणि सांभाळला नाही’ असं म्हणायचं असतं, पण ड्राफ्टची एक तारीख असते, हेळसांडीची नसते.

आणि चाहता ही तक्रार कोणत्या नात्याने करतो? गिऱ्हाईक म्हणून नाही. गिऱ्हाईक दुकान बदलतं. जादवपूरला शिकत असताना मी पाहिलं की मोहन बागान की ईस्ट बंगाल हे माणूस ठरवत नाही. आजोबांचं गाव पद्मेच्या अलीकडे की पलीकडे होतं, यावर ते बऱ्याच अंशी ठरून आलेलं असतं. क्लीव्हलंडमध्येही तेच. दादाने संघ स्वतः निवडला, पण तिथे जन्मलेल्या त्याच्या मुलाला तो दुधाबरोबर मिळाला. मुलगा एकदा मला म्हणाला, ‘‘आत्या, बाबा मराठी शिकवायला विसरले, पण हे विसरले नाहीत.’’ हे नातं मालकीचं नाही, नागरिकाचंही नाही. नागरिकाला मत असतं. वारसाने आलेल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च द्यायचा, पण घरात काय चाललंय ते खिडकीतून बघायचं, असं काहीसं आहे ते.

मत दिलं तर प्रश्न सुटेल का? ग्रीन बे पॅकर्स हा संघ पाच लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीचा आहे. तिथेही मुलं निवडतात पगारी माणसंच. २०२० मध्ये त्यांनी ॲरन रॉजर्ससारखा खेळाडू हाताशी असताना पहिल्या फेरीत जॉर्डन लव्ह हा नवा क्वार्टरबॅक घेतला, तेव्हा भागधारक इतरांइतकेच चिडले. लव्ह पुढे चांगला निघाला. क्लीव्हलंडमध्ये तर एकदा जनतेचा आवाज मालकाच्या कानापर्यंत पोचला म्हणतात. २०१४ मध्ये जॉनी मँझिएलला घेण्याआधी रस्त्यावरच्या एका बेघर माणसाने आपल्याला त्याचंच नाव सुचवलं होतं, असं मालकानेच सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. मँझिएल दोन हंगामांत संपला. बिचाऱ्या त्या माणसाला त्याबद्दल कोणी जबाबदार धरलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

२०१६ मध्ये क्लीव्हलंडने दुसऱ्या क्रमांकाची निवड फिलाडेल्फियाला देऊन टाकली आणि बदल्यात पुढच्या निवडी साठवल्या. उद्यासाठी आज हरायचं, असं ते गणित. २०१६ मध्ये १६ पैकी एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. जानेवारी २०१८ मध्ये हजारो चाहते कडाक्याच्या थंडीत जमले आणि त्यांनी मैदानाभोवती गोल फेरी काढली, शून्याच्या आकाराची. त्या निमित्ताने शहरातल्या अन्नपेढीसाठी पैसे जमवले. महिन्याभरात फिलाडेल्फियाने सुपर बोल जिंकला. मला ती फेरी तक्रारीचा सर्वांत प्रौढ प्रकार वाटते. तिच्यात कोणत्याही खेळाडूला शिवी नव्हती. ‘आम्हाला गृहीत धरू नका’ एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते म्हणायला भविष्य कळावं लागत नाही.

मार्च २०२२ मध्ये मात्र दादाचा फोन एप्रिलची वाट न पाहता आला. क्लीव्हलंडने डेशॉन वॉट्सनला ह्यूस्टनकडून घेतलं होतं. पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि आणखी काही, वर २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी. मालिश करणाऱ्या वीसहून अधिक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले, आणि दोन ग्रँड ज्युरींनी फौजदारी खटला भरला नाही. लीगने नंतर त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित केलं आणि ५० लाख डॉलर दंड केला. यात एक क्रूर विनोदही होता. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकाची निवड क्लीव्हलंडचीच होती, ती त्यांनी ह्यूस्टनला दिली, आणि ह्यूस्टनने तीच वापरून वॉट्सनला घेतलं होतं. पाच वर्षांपूर्वी हातची सोडलेली निवड आता तीन निवडी देऊन परत आणली.

पण दादा त्या दिवशी खेळाबद्दल बोललाच नाही. त्याचं वाक्यही बदललं होतं. ‘‘त्यांनी आणलाय त्याला,’’ तो म्हणाला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या तोंडून या संघासाठी ‘त्यांनी’ ऐकलं. मला वाटतं, चाहत्याला हा एक अधिकार नक्की आहे, आणि तो बजावायला खेळातलं काही कळावं लागत नाही. वाईट निवड आणि लाजिरवाणी निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाईट निवडीची झळ मी सोसतो. लाजिरवाणी निवड माझ्या नावावर केली जाते, माझा रंग तिला चढवला जातो, माझ्या मुलाच्या पाठीवर तो आकडा यावा असं सुचवलं जातं. तिथे ‘आपण’ काढून घेता येतं. शहरातल्या लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या केंद्राकडे त्या दिवसांत देणग्यांचा ओघ वाढला. काहींनी हंगामाची तिकिटं सोडली, पुष्कळांनी सोडली नाहीत. दादाने सामने पाहणं सोडलं नाही. निलंबन संपेपर्यंत सर्वनाम मात्र परत आलं नव्हतं. नंतर हळूहळू आलं. त्याला मी ते दाखवून दिलं नाही.

कारण ‘आपण’ सोडणं सोपं नसतं, आणि सुटत नाही म्हणूनच तो राग कुठेतरी बाहेर पडायला जागा शोधतो. मालक काचेच्या कक्षात असतो. त्याला विकता येत नाही, बदलता येत नाही, तोच वाटलं तर संघ उचलून नेऊ शकतो. मैदानावर दिसतो फक्त निवडला गेलेला मुलगा. ऑक्टोबर २००२ मध्ये, घरच्या मैदानावर, बाल्टिमोरच्या संघाविरुद्ध, म्हणजे ज्या संघाला मॉडेल घेऊन गेले होते त्याच संघाविरुद्ध, टिम काउच डोक्याला मार लागून कोसळला. तेव्हा प्रेक्षकांतून आनंदाच्या आरोळ्या उठल्या. आता राखीव खेळाडू मैदानात येईल म्हणून. सामन्यानंतर बोलताना काउचला रडू आवरलं नाही. त्याच हंगामात संघ बाद फेरीत पोचला, पण शेवटच्या साखळी सामन्यात काउचचा पाय मोडला आणि तो त्या फेरीत खेळू शकला नाही.

त्या आरोळ्या देणाऱ्यांची चीड खरी होती, तिचं कारणही खरं होतं. सात वर्षांपूर्वी त्यांचा संघ पळवला गेला होता. पण तो पळवणारा काउच नव्हता. काउचने क्लीव्हलंड निवडलं नव्हतं, आणि आरोळ्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांनीही नाही. ते तिथे जन्मले होते, तो तिथे वाटला गेला होता. त्या संध्याकाळी मैदानात हे दोघंच असे होते की ज्यांना सहज उठून जाता येत नव्हतं.

क्लीव्हलंडच्या मध्यवस्तीत एका खिडकीत बरीच वर्षं काउचची जर्सी टांगलेली होती, २ नंबरची. संघाने क्वार्टरबॅक बदलला की आधीच्या नावावर काट मारून पुढचं नाव पट्टीवर लिहून तिच्यावर चिकटवलं जाई. पट्ट्या वाढत वाढत खाली गेल्या, नावं वीसवर गेली, लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत. दादानेही काढला होता, मुलाला कडेवर घेऊन. फोटोत सगळी नावं वाचता येतात. त्यांतली काही मला आता पाठ झाली आहेत. ती सगळी खेळाडूंची आहेत.